खुर्चीवाले

आमच्या जोडीला अमरावतीत कोणी कधी कलाकार म्हटलं नाही. 'खुर्चीवाले' म्हणायचे. "खुर्चीवाले आले का बे?" "त्या खुर्चीवाल्याइले सांग, आता पुरे." याला कारण मीच. वाजवायची सुपारी द्यायला कोणी आलं, की दुसरा कलावंत तारीख विचारील, गाव विचारील, बिदागीचं बोलेल. मी पहिल्याच दमात विचारायचो, "दोन खुर्च्या देसान का?" माणूस हसायचा. त्याला वाटायचं, पोरगा थट्टा करतो. मग मी त्याला रीतसर सांगायचो: हात नसलेल्या दोन खुर्च्या, मांडवाच्या आत, पाहुणे बसतात त्याच सतरंजीवर, आणि शेवटपर्यंत त्या कोणी उचलून न्यायच्या नाहीत. निम्मी माणसं इथंच उठून जायची. माझा साथीदार कपाळाला हात लावायचा अन् म्हणायचा, "तुले वाजवाचं हाय का बसाचं?"

साथीदार म्हणजे इतवारा बाजारातल्या फुलवाल्या माळ्यांचा थोरला मुलगा. तो गिटार वाजवायचा, मी क्लॅरनेट. अन् वाजवायचो काय, तर जॅझ आणि बोसा नोव्हा! साठ सालानंतरच्या वऱ्हाडात! आता सांगताना माझं मलाच हसू येतं. लोकांना कव्वाली कळायची, भजन कळायचं, सिनेमाची गाणी तर तोंडपाठ. आमचं सुरू होऊन चांगली दोन गाणी झाली, की पहिल्या रांगेतला एखादा शेठ शेजारच्याला विचारायचा, "हे अजून सूर जुळवूनच राहिले का?" माझं डोकं तिथंच सटकायचं. साथीदार पायानं माझी पोटरी दाबायचा आणि गिटार सोडायचा नाही.

खुर्चीचं खूळ माझ्या डोक्यात भरलं ते बाबांमुळं. बाबा बँडपार्टीत क्लॅरनेट वाजवायचे. लाल कोट, पितळेची बटणं, डोक्यावर तुरा लावलेली टोपी. लग्नसराईत ते घरी नसायचेच. वरात निघाली की चालत वाजवायचं, ती मांडवाशी पोचली की मांडवाबाहेर उभं राहून वाजवायचं. बसायचं मात्र नाही. थकून कोणी ओट्यावर जरा टेकलं, तर आतून आवाज यायचा, "अबे, बसाले आणलं का तुमाले?" सगळ्या पंगती उठल्या की मागच्या बाजूला यांचं जेवण. मी लहानपणी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. बाबा उभे कसे राहायचे ते मला आजही दिसतं. सगळा भार एका पायावर, दुसऱ्या पायातली चप्पल काढून तळवा गार जमिनीला लावलेला, अन् वाजवणं थांबलं की टोपी काखेत. थोड्या वेळानं पाय बदलायचे.

छप्पन साली बाबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. आले त्याच दिवशी बँडच्या मालकाकडं गेले आणि सांगून आले, आता येणार नाही. मालक म्हणे, सीझन तोंडावर आहे. बाबा म्हणाले, असू दे. लाल कोट मायनं उसवला आणि त्याची माझी शाळेची पिशवी शिवली. पोरं मला 'बँडमास्तर' म्हणून चिडवायची, मी मारामाऱ्या करायचो. बाबा कापसाच्या जिनिंग कारखान्यात गाठी उचलायला लागले. संध्याकाळी खोकत घरी यायचे, फुंकणाऱ्या माणसाची छाती रुईच्या धुळीनं भरून गेली. 

कोटासारखं क्लॅरनेटही त्यांचं स्वतःचंच होतं, मालकाचं नव्हतं. पण ते त्यांनी फेकलं नाही आणि विकलंही नाही, पेटीत कपड्यांखाली ठेवलं. मी मागितलं तेव्हा बाबांनी पेटी उघडून दिली. कसं धरायचं, ओठ कुठं ठेवायचे, सगळं शिकवलं. आणि पहिला सूर नीट लागला त्या दिवशी म्हणाले, "घरात वाजव. पण दुसऱ्याच्या दारात उभं राहून वाजवशीन, त माह्या दारात पाय ठेवू नको."

मी जात्याच आगाऊ. म्हटलं, "अन् बसून वाजवलं त?"

बाबांनी माझ्याकडं पाहिलं आणि उठून बाहेर गेले. त्याचा अर्थ मी 'हो' असा लावला. त्यांचा तो अर्थ नव्हता हे मला पुढं कळत गेलं. मी बाहेर वाजवायला लागलो तेव्हा त्यांनी मला घराबाहेर काढलं नाही. पण ऐकायलाही आले नाहीत. एकदाही नाही. कुठं गेला होतास, लोक किती होते, काय वाजवलं, अवाक्षर विचारायचे नाहीत. मी घरी वाजवत बसलो की ऐकायचे, बोट चुकलं तर बाहेरून ओरडून सांगायचे. बाहेरच्याचं नाव काढलं की भिंत. मला दुनियेची वाहवा नको होती हो! बाबांनी एकदा समोर येऊन बसावं आणि ऐकावं, एवढंच पाहिजे होतं. त्यासाठी मी वऱ्हाडभर खुर्च्या मागत फिरत होतो.

मधल्या काळात मला सरकारी कचेरीत नोकरी लागली. आमच्या घरातली पहिली टेबल-खुर्चीची नोकरी. बाबा एक दिवस जिनिंगमधून परस्पर कचेरीत आले. मला वाटलं, घरी काही झालं. त्यांनी माझ्या खुर्चीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला, शेजारच्या कारकुनाला नमस्कार केला आणि गेले. त्या खुर्चीत माझं बूड एक दिवस धड टेकलं नाही ही गोष्ट निराळी. पाच वाजले की मी सायकलवर, अन् सायकल इतवाऱ्याकडं.

साथीदाराची आणि माझी ओळख कॉलेजातली. त्याच्या वडिलांचं फुलांचं दुकान होतं आणि बडनेऱ्याच्या वाटेवर मळा. बडनेऱ्याच्या रेल्वे कॉलनीत एक म्हातारे इंजिनड्रायव्हर होते, ख्रिस्ती. त्यांच्या बायकोच्या कबरीसाठी दर रविवारी याच्या घरून फुलं जायची. हा फुलं घेऊन जायचा आणि त्यांच्या ग्रामोफोनवर जॅझ ऐकत बसायचा. म्हाताऱ्यानं याला गिटार शिकवली, पुढं मलाही बोलावलं. एका रेकॉर्डच्या वेष्टनावर सूटबूट घातलेला एक काळासावळा माणूस क्लॅरनेट वाजवत उभा होता. साथीदार मला डिवचायचा, "हे पाह्य, हा उभा हाय. तिकडं सारेच उभ्यानं वाजवतात." मी म्हणायचो, "त्याच्या बापाचं त्याले, माह्या बापाचं मले." म्हातारे मुलाकडं कायमचे निघून गेले तेव्हा गिटार याला देऊन गेले. ग्रामोफोन घेऊन गेले.

मग राहिला रेडिओ. माळ्यांच्या घरी मोठा रेडिओ होता, दुकानाच्या मागच्या खोलीत. फुलांचं काम पहाटे सुरू होतं, तेव्हा तो लावलेला असायचा. मीही पहाटे तिथं जायला लागलो. हात रिकामे कसे ठेवणार? मी हार ओवायला बसायचो. पहिल्याच दिवशी साथीदाराची आई म्हणाली, "त्याले देवाची फुलं नको देऊ रे. लग्नाची दे." बोलण्यात राग नव्हता, मीठ जरा कमी टाक म्हणावं तसं सहज. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सुई टाकून उठणार, तेवढ्यात साथीदारानं दोन्ही ढीग एकमेकांत लोटून दिले आणि वर म्हणाला, "आता निवड, कोणतं देवाचं अन् कोणतं नवरदेवाचं." माउली कपाळाला हात लावून आत गेली. त्या दिवशीपासून ढीग एकच झाला. आमची जोडी खरी जमली ती त्या सकाळी, गाण्याचं नंतर.

त्याच रेडिओवर, शॉर्टवेव्हच्या खरखरीत, आम्हाला बोसा नोव्हा सापडलं. निवेदक सांगायचा त्यावरून कळलं की हे ब्राझील देशातलं. जॅझसारखं अंगावर येणारं नाही. गिटार हलक्या हातानं, गाणारा माणूस शेजारी बसून कानात सांगितल्यासारखा गातो. गाणं सुरू व्हायचं, छान वर यायचं, मग हळूहळू लांब जायचं, इतकं लांब की आम्ही दोघं हातातली फुलं टाकून रेडिओला कान लावायचो. मग हळूच परत यायचं. मी तर वेडाच झालो. म्हटलं, काय माणसं असतील ही! भर गाण्यात निघून जातात, आपला जीव टांगणीला लावतात, अन् परत येतात!

आम्ही तेच उचललं. गिटार आणि क्लॅरनेट दोघांनी मिळून आवाज उतरवत न्यायचा, अगदी बोटांचा खडखड तेवढा ऐकू येईल इथवर, आणि मग तसाच सावकाश चढवत आणायचा. हे बिनचूक जमायला आम्हाला महिनोन् महिने लागले. क्लॅरनेटवर इतका बारीक सूर धरायचा म्हणजे पोटाचे हाल. पण जमलं. आणि लोकांना, शपथेवर सांगतो, तेवढं आवडायचं. अकोल्याच्या क्लबात तर लोक फर्माईश करायचे, "ते लपाछपीवालं होऊ द्या."

अकोल्याचा हा क्लब म्हणजे वकील, डॉक्टर, कापसाचे मोठे व्यापारी यांचा. महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी आम्हाला बोलवायचे. खुर्च्यांना त्यांनी कधी ना म्हटलं नाही, त्यांच्याकडं खुर्च्याच खुर्च्या! शनिवारी अर्धा दिवस कचेरी करून मी मोटारस्टँडवर पळायचो. साथीदार फुलांची टोपली आणि गिटार घेऊन यायचा, कारण जाता जाता अकोल्याच्या एका दुकानात फुलंही द्यायची असायची. फुलांना ओल पाहिजे अन् गिटारला कोरडं. मूर्तिजापूरपर्यंत टोपली गळायची, मी त्याच्यावर खेकसायचो, तो माझ्यावर. एका पावसाळ्यात गिटारची पाठच सुटली. सुताराकडून सरस लावून घेतला, तर आवाजात चिकटपणा आला असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, चिकटपणा तुझ्या फुलांचा आहे. तर अशी आमची कारकीर्द: अमरावती, अकोला, अधूनमधून दर्यापूर, कधी परतवाडा. एका ठिकाणी पोचलो की मला दुसरीकडं जायची घाई. थांबलं की वाटायचं, बाबा आले नाहीत ते नाहीतच.

क्लबात एक डॉक्टरीणबाई होत्या, नुकत्याच परदेशातून शिकून आलेल्या. एकदा कार्यक्रम झाल्यावर त्यांनी विचारलं, "फारच छान वाजवता. पण मधूनमधून आवाज इतका कमी का करता?" मी जरा ऐटीतच म्हटलं, "त्या संगीताची रीतच आहे तशी, बाई." त्या म्हणाल्या, असेल. पण त्यांच्याकडं त्याच गाण्याची रेकॉर्ड होती. दुसऱ्या महिन्यात आम्हाला चहाला बोलावून त्यांनी ती लावली.

गाणं सुरू झालं. वर आलं. आम्ही दोघं मान डोलावत वाट पाहतोय, आता उतरेल, आता उतरेल. उतरलंच नाही! सपाट रस्त्यावरून सायकल जावी तसं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखं गेलं. मी बाईंना म्हटलं, "तुमच्या मशीनमध्ये काहीतरी बिघाड दिसतो." बाईंनी बिचाऱ्यांनी दुसरी रेकॉर्ड लावून दाखवली. मग साथीदाराचा चेहरा लाल झाला. त्याला आधी कळलं. रेडिओचा आवाज जात-येत होता. लाटा कमी-जास्त होत होत्या. बातम्यांचा आवाजही तसाच जायचा-यायचा, आम्ही रोज ऐकत होतो, पण बातम्या कोण वाजवायला बसलंय! आम्ही दोघं शहाणे इतके दिवस वातावरणातला बिघाड घोटून घोटून वाजवत होतो.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर गेल्यावर तो एकदम हसायला लागला. मी चिडलो. तो आणखी हसला. "अबे भैताडा, आपण रेडिओचा आजार वाजवून राहिलो होतो," म्हणाला. पुढच्या खेपेला आम्ही सरळ वाजवून पाहिलं, रेकॉर्डसारखं. बरोबर झालं, पण बेचव. लोक ओरडले, "लपाछपी, लपाछपी!" साथीदारानं माझ्याकडं पाहिलं, मी खांदे उडवले, आणि आम्ही पुन्हा उतरवायला लागलो. चूक तर चूक, आमची होती. मला मात्र एक कोडं सुटत नव्हतं: आवाज असा निघून जातो आणि परत येतो, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच मला विचित्र कसं वाटलं नाही?

आणि मग ते दर्यापूरचं लग्न आलं. कापसाचा मोठा व्यापारी, मुलगा मुंबईला शिकलेला, त्याला 'मॉडर्न' संगीत पाहिजे. खुर्च्या कबूल केल्या. आम्ही पोचलो तर खुर्च्या होत्या, पण कुठं? मांडवाच्या दाराबाहेर, जिथं बँडवाले उभे असतात तिथं. अन् बँडवालेही होतेच. तोच लाल कोट, तीच बटणं. बाबांची जुनी पार्टी. बाबांच्या बरोबरीचे ढोलवाले काका गळ्यात मोठा ढोल अडकवून उन्हात उभे होते. वय झालेलं, गुडघे वाकलेले. त्यांनी मला ओळखलं. तोंडभर हसले. म्हणाले, "तू त्याचाच पोरगा न? बस बापू, बस. आमी हाओतच उभे."

टोमणा असता तर मी परतवला असता. टोमणा नव्हताच, खरंखुरं कौतुक होतं. आपल्यातला एक पोरगा खुर्चीवर बसून वाजवणार याचा त्यांना आनंद झाला होता. मी बसलो. क्लॅरनेट ओठाला लावलं. सूर फुटेना. माझ्या उजव्या हाताला त्यांचे वाकलेले गुडघे, अगदी माझ्या खुर्चीला लागून. मी उठलो आणि खुर्ची उचलून त्यांच्या मागं नेऊन ठेवली. "बसा काका."

"नाई नाई, काहून वेडेपणा करून राहिला?"

"बसा म्हणतो न!"

ते अर्धवट टेकले असतील नसतील, मांडवातून व्यापाऱ्याचा भाऊ धावत आला. "ए, उठ! बसाले आणलं का तुले?" तेच वाक्य, लहानपणी ऐकलेलं, जसंच्या तसं. काका झटकन उठले, ढोल खुर्चीवर आपटला. मग मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. व्यापाऱ्याचा भाऊ म्हणाला, वाजव नाही तर चालता हो. मी क्लॅरनेट डब्यात टाकलं आणि चालता झालो. साथीदार गिटार सावरत मागून आला. स्टँडवर त्यानं मला धरलं. "तुह्या या खुर्चीपायी एक दिवस आपलं वाजवणंच बंद होईन. तुले पायजे काय नेमकं? सांग त एकदा."

 मलाच कळत नव्हतं. खुर्ची मिळाली तर शेजारी काका उभे. खुर्ची सोडली तर बाबांचा शब्द मोडतो. बसमध्ये बसायला जागा नव्हती, अमरावतीपर्यंत उभ्यानंच आलो. साथीदार त्यावरही हसला असता, पण त्या दिवशी तो माझ्याशी बोलत नव्हता.

नंतर एका बाजाराच्या दिवशी ढोलवाले काका आमच्या घरी आले. मी कचेरीत होतो. मायनं सांगितलं, "दोघं बुढे लय वेळ बोलत बसले होते. तू खुर्ची देल्ली म्हणे त्याइले." मी विचारलं, "बाबा काय म्हणाले?" माय म्हणाली, "काई नाई. चहा आणखी ठेव म्हणे."

साथीदाराशी पुन्हा सूत जमायला थोडे दिवस गेले. जमलं तेही अकोल्याच्या क्लबामुळं. त्यांचा वार्षिक समारंभ होता, आम्हाला बोलावणं आलं. आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं की आता फार दिवस हे चालायचं नाही. त्याच्या वडिलांना मळा झेपत नव्हता, माझी बदली होऊ घातली होती. निघायच्या आदल्या दिवशी मी सवयीनं घरात मोठ्यानं म्हटलं, "उद्या अकोल्याले हाय." बाबा भिंतीकडं तोंड करून पडले होते, हलले नाहीत. मी आदळआपट करत झोपलो.

क्लबाचा हॉल गच्च भरला होता. दिवेलागणीला आम्ही सुरुवात केली. आधी जॅझ वाजवलं, मग बोसा नोव्हा. डोळे मिटून मी आवाज उतरवत नेला, खाली, आणखी खाली, आणि परत चढवताना डोळे उघडले. हॉलच्या मागच्या दाराशी ड्रायव्हर, शिपाई, पाणी देणारी माणसं उभी होती. त्यांच्यात एक माणूस. भार एका पायावर. एका पायातली चप्पल काढलेली. टोपी काखेत.

बाबा.

गाणं कसं संपवलं मला आठवत नाही. टाळ्या सुरू होत्या. हॉलमध्ये एकही खुर्ची रिकामी नव्हती, आणि असती तरी ते बसले नसते हे मला कळत होतं. बाबा आले होते, इतक्या वर्षांनी आले होते, जिनिंगची पाळी बुडवून, पॅसेंजर गाडीनं, अन् पुन्हा दुसऱ्याच्या दारात उभे होते!  मी उठलो, माझी खुर्ची उचलली आणि स्टेजवरून खाली उतरलो. मधल्या वाटेनं ती घेऊन चाललो. लोक पाहायला लागले. बाबांनी मला येताना पाहिलं आणि मान हलवली, नको, नको.

"चाला बाबा. पुढं बसा."

"मी हाओ इथं बरा."

"बसता, का क्लॅरनेट डब्यात टाकू?"

"लोक पाहून राहिले," ते दबक्या आवाजात म्हणाले.

"पाहू द्या!"

त्यांनी चप्पल पायात घातली. माझ्या मागून चालत आले. पहिल्या रांगेच्याही पुढं मी खुर्ची ठेवली. बाबा बसले, आधी अगदी कडेला, मग मी तिथून हलेना तेव्हा नीट मागं टेकून. मी स्टेजवर चढलो. साथीदारानं पाहिलं आणि तोही उठायला लागला. मी म्हटलं, "तू बस. तुह्या गिटारले मांडी पायजे." तो बसला. त्याचे डोळे भरले होते, आणि शिव्या घालायची सोय नव्हती म्हणून त्यानं सरळ गिटारच छेडली.

मी उभ्यानं वाजवलं. माझी अट मी स्वतःच मोडली. माझ्या पायांना एरवी एक क्षण चैन नसायचं, पण त्या वेळी ते हलले नाहीत.

कार्यक्रम झाल्यावर आम्ही तिघं पायी अकोल्याच्या स्टेशनवर आलो.  साथीदार चहा आणायला गेला. फलाटावरच्या बाकावर बाबा आणि मी.  मी उभ्यानं वाजवलं होतं, दुसऱ्याच्या दारात, तेही त्यांच्या डोळ्यांसमोर. बाबांनी एकदा खोकून घसा साफ केला.

"मधात आवाज काहून बसवून राहिला होता? दम पुरत नाई का?"

"पुरते. ते तसंच वाजवतो आमी. रेडिओवर तसं ऐकलं होतं." मी त्यांना सगळी फजिती सांगितली, रेडिओ, रेकॉर्ड, डॉक्टरीणबाई. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत.

"रेडिओनं कायले शिकवलं?" बाबा म्हणाले. "वरात तशीच ऐकू येये. गल्लीत वळली का आवाज जाये, चौकात आली का येये. तुही माय दारात तुले मांडीवर घेऊन बसे अन् सांगे, हा पाह्य तुहा बाप गेला, हा पाह्य आला."

मी क्लॅरनेटचा डबा मांडीवर ओढून घेतला.  गाडीची घंटा झाली. साथीदार तीन कप सावरत येताना दिसला. बाबा उठले, टोपी घातली आणि माझ्याकडं न पाहता म्हणाले, "आज उभं राहून वाजवलं तुनं."

"हो."

"कोणी सांगतलं होतं का, उभं राहा म्हणून?"

"नाई. कोणीच नाई."

बाबांनी साथीदाराच्या हातातून एक कप घेतला, तो मला दिला, आणि मग दुसरा स्वतःला घेतला.

"मंग चालते," ते म्हणाले.